नवसाचं वजन

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी तोताराम पाटलांच्या अंगणात सकाळी सहालाच चूल पेटली. उन्हं चढायच्या आत मांडे उरकले पाहिजेत, हा कुंदाबाईंचा नेम. रावेरकडचा एप्रिल दहा वाजताच जमिनीला पाय लावू देत नाही, आणि तशात खापरासमोर बसायचं म्हणजे जिवाशी खेळ. पण वयाच्या चौसष्टाव्या वर्षीही ही जागा त्यांनी सुनेला दिली नव्हती. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर घ्यायचा, कोपरापर्यंत फिरवत फिरवत पातळ करायचा आणि पालथ्या खापरावर अलगद अंथरायचा. भावकीत त्यांच्यासारखा मांडा कोणाला जमत नसे, आणि ते त्यांना चांगलंच ठाऊक होतं.

आज मात्र दुसराच मांडा हातावर फाटला.

"राहू द्या आई, मी घेते," सून कामिनी म्हणाली.

"फाटला तं फाटला. गाईले होईल," कुंदाबाई म्हणाल्या आणि नवा उंडा उचलला. हात थांबला की डोकं चालू होतं, आणि डोकं चालायला नको होतं.

या घरच्या दोन लेकी आखाजीला माहेरी आल्या होत्या. एक भाविका, एकोणचाळीस वर्षांची, धुळ्याच्या दवाखान्यात चौदा वर्षं नर्स. दुसरी तोतारामभाऊंची थोरली बहीण द्रौपदाबाई, वय शहात्तर, गुडघे गेलेले, पण आखाजीला माहेर चुकवलं नव्हतं. पन्नास-पंचावन्न वर्षं धुळ्याकडे नांदून तिच्या बोलीत तिकडच्या अहिराणीचं पाणी पुरतं मुरलं होतं. दोघी काल संध्याकाळी एकाच गाडीतून उतरल्या, आणि उतरल्यापासून दोघींच्या पोटात एकच विषय होता.

शेवटी भाविकानेच त्याला तोंड फोडलं. "माय, मी स्पष्टच बोलते. त्या दवाखान्याला आज नाही म्हणून कळवून टाका. हितेंद्रचं वजन उतरवायचं ऑपरेशन नको."

कामिनीचा पुरणातला हात थांबला. "ताई, डॉक्टर तुम्हीच शोधून दिले. जळगावला पहिल्यांदा तुम्हीच घेऊन गेलात."

"गेले. आणि तोंडघशी पडले. पंधरा दिवस नुसतं पातळ घ्यायचं होतं, तेवढंही याला निभलं नाही. सोनोग्राफीत लिव्हर होतं तसंच सुजलेलं, शुगर तीनशेच्या घरात. डॉक्टरांनी माझ्यादेखत विचारलं, पथ्य पाळलं का? हा खाली मान घालून म्हणतो, चुकलं. तारीख रद्द झाली. अगं, नंतर जन्मभर घासाघासाला सांभाळावं लागतं. जठर कापून लहान करतात, तोंडाला कोणी टाके घालत नाही. असे पेशंट मी पाहिलेत. ऑपरेशनवरून येतात आणि महिन्याभरात वेफर्सचं पाकीट उशीखाली ठेवतात. टाका सुटला तर पोटात विष होतं. भाऊ आहे माझा तो."

ती उठून रांजणाकडे गेली.

कुंदाबाईंनी मान वर केली नाही. तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांच्या खोलीत भिंतीकडेच्या खुर्चीवर त्याही बसल्या होत्या. पोरगा 'चुकलं' म्हणाला तेव्हा त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. आणि तारीख रद्द झाली तेव्हा, खरं सांगायचं तर, त्यांना बरं वाटलं होतं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्यांनी देवीला हात जोडले होते.

आता दुसरी तारीख मिळाली होती, येत्या शुक्रवारची. पातळ पथ्याचा आज दहावा दिवस होता. दवाखान्यातल्या मुलीने कालच फोनवर सांगितलं होतं, घरात सगळ्यांनी बसून नीट ठरवा आणि उद्या, रविवारी संध्याकाळपर्यंत कळवा, नाहीतर जागा दुसऱ्या पेशंटला देऊ. आणि डॉक्टरांचा निरोप होता, की या खेपेला पथ्य मोडलं तर आम्ही पुन्हा हात लावणार नाही.

नऊच्या सुमारास हितेंद्र केळीच्या वावरातून आला. फाटकापासून ओट्यापर्यंत चाळीस पावलं असतील. निंबाखाली थांबून त्याने दम घेतला, मग उरलेली चालला आणि लोखंडी खाटेवर बसला. घरातल्या खुर्च्यांवर बसणं त्याने दोन वर्षांपूर्वीच सोडलं होतं. वय छत्तीस, वजन एकशे बावन्न. तोंड मात्र अजून लहानपणचंच, कोणी रागावलं तरी आधी हसणारं.

"माय, पाणी दे," तो म्हणाला, आणि खापराच्या वासाकडे पाठ फिरवून बसला.

---

बारा वाजता तोतारामभाऊंनी निखाऱ्यांवर आगारी टाकली. एकेका पितराचं नाव घेऊन मांड्याचा घास, आमरसाचा थेंब. तुपाचा धूर घरभर झाला. आता पानं मांडायची, म्हणून कामिनी उठली, तर तोतारामभाऊंनी हाताने थांबवलं.

"बस बेटा. जेवणाआधी याचा निकाल लावू. भरल्या पोटी मानूस हो ला हो करतो."

सगळे ओसरीवर बसले. कूलर घरघरत होता, तो तोतारामभाऊंनी बंद केला, कारण हितेंद्रचा आवाज अलीकडे बारीक झाला होता. त्याच्या आठ वर्षांच्या लेकीला, पुनमला, शेजारी झोक्यावर धाडलं होतं.

"हितेंद्र, तू बोल. जीव तुहा हाये," तोतारामभाऊ म्हणाले.

हितेंद्रने आईकडे पाहिलं. "माय म्हनीन तसं."

"हेच!" भाविका उसळली. "छत्तीस वर्षांचा झालास. माय म्हणेल तसं काय? तुला करायचंय का?"

"मले..." तो थांबला. "ताई, मले भेव वाटतं. केलं तरी वाटतं, नही केलं तरी वाटतं."

कामिनी आजवर सासऱ्यांसमोर कधी मोठ्याने बोलली नव्हती. आज तिने पदर खोचला आणि सरळ बोलू लागली. "आबा, मी सांगते. फेब्रुवारीत सावद्याच्या रस्त्यावर गाडी वावरात गेली. सगळ्यांना यांनी सांगितलं, डुक्कर आडवं आलं. डुक्कर नव्हतं. यांना झोप लागली होती. दिवसाढवळ्या, गाडी चालवताना. पुनम शेजारी होती. तिनं स्टिअरिंग ओढलं, आठ वर्षांच्या पोरीनं. घरी आल्यावर मला म्हणाली, मम्मी, मी आता पप्पांच्या गाडीत झोपत नाही, जागी राहते. रात्री झोपेत यांचा श्वास थांबतो. मी आकडे मोजते. वीस, पंचवीस. एकदा चाळीसपर्यंत गेले. हलवलं की सुरू होतो. चार वर्षं झाली, मी सलग झोपले नाही. पुनमच्या नशिबी बाप ठेवायचा की नाही, एवढंच मला कळतं. बाकी तुमच्या हातात."

तोतारामभाऊंनी चष्मा काढून धोतराला पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर न ठेवता हातात धरला.

भाविका हळू झाली, पण हटली नाही. "वहिनी, मला काय कळत नाही का? म्हणूनच तर मी डॉक्टर शोधला. पण ऑपरेशन झाल्यावर पथ्य मोडलं तर आज जे चाळीस आकड्यांवर आहे ते आठ दिवसांत संपेल. ज्याला पंधरा दिवस तोंड आवरत नाही त्याच्यावर मी कशाच्या जिवावर सही करू?"

हितेंद्र जमिनीकडे बघत राहिला. कुंदाबाई त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. आता तरी हा सांगेल, असं त्यांना वाटत होतं. पण त्याने ओठ मिटून घेतले होते.

तेवढ्यात द्रौपदाबाईंनी काठी आपटली. "व्हयनं का बठ्ठासनं? आते मी बोलस. कुंदा, देवीनं देनं शे या घरवर. इसरनी का?"

विसरतील कशा? हितेंद्र सातव्या महिन्यात झाला तेव्हा सव्वा किलोचा होता. डॉक्टरांनी हात टेकले होते. कुंदाबाईंनी त्याला पिंजलेल्या कापसात गुंडाळून चाळीस दिवस छातीशी धरला, बोळ्याने थेंब थेंब दूध पाजलं, आणि सातपुड्याकडे तोंड करून मनुदेवीला नवस बोलल्या, की याला जगव, तुझ्या दारात याला गुळानं तोलीन.

पोरगं जगलं. वर्षाचं झालं तेव्हा सात किलोचं होतं. सासूबाई म्हणाल्या, चला, नवस फेडून टाकू. पण त्याच वर्षी धाकट्या जावेने आपल्या पोराची अठरा किलोची तुला केली होती, आणि सात किलोचं पोर तराजूत घालायला कुंदाबाईंचा जीव धजेना. अजून जरा भरू दे, त्या म्हणाल्या. देवीलाच जास्त मिळेल. पाचव्या वर्षी तो वीस किलोचा झाला, तर म्हणाल्या, अजून थोडा. भरवत राहिल्या. तुपाची धार, दाण्याचा लाडू, 'एवढा एक घास माझ्या नावाचा'. लोक म्हणायचे, कुंदाबाई, पोर कसं टरारलं, आणि त्यांचं ऊर भरून यायचं. बाराव्या वर्षी साठ किलो झालेल्या पोराने तराजूत बसायला साफ नकार दिला. तिथून नवस जो राहिला तो राहिलाच. देवीसाठी थांबले, असं त्या जगाला सांगत आल्या. खरं काय ते देवीला ठाऊक होतं.

"अक्का, आता तो विषय कुठी काढता?" तोतारामभाऊ म्हणाले.

"आतेच काढसू. शुक्कारना आत बुधवारले देवीकडे चला. शे तितल्या वजनानी पोऱ्यानी तुला करा. मंग खुशाल कापा. आधी वजन उतारशात, मंग तोलशात, तर देवीले फसवशात का? तिनी दिधेल आंग शे ते. किलो न किलो तिनं शे." म्हातारी रागाने बोलत नव्हती, तिला खरंच भीती वाटत होती. "सुईना टोकवरथून आनेल जीव शे तो, कुंदा. देनं बाकी ठीसन त्याले चाकूखाल धाडू नको."

"अक्का, दीडशे किलोचं पोरगं तराजूत बसलं तं अख्खा गाव मोबाईल घेऊन उभा राहीन," तोतारामभाऊ म्हणाले. "मागच्या लग्नात खुर्ची मोडली तं त्याचाच व्हिडिओ पाह्यला लोकायनं चार महिने."

आणि मग हितेंद्र बोलला. शांत, नेहमीसारखा. "बसतो मी, आबा. मायचा नवस हाये ना? मग बसतो. पाहू द्या लोकायले."

कुंदाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने हसायचा प्रयत्न केला. ते हसू त्यांनी आधी पाहिलं होतं, अगदी अलीकडे, डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडताना. जाऊ दे माय, असं म्हणून तेव्हा तो असाच हसला होता. हा तराजूतही बसेल, त्यांना वाटलं. आपण नको म्हटलं तर ऑपरेशनही करणार नाही. आपण म्हणू ते सगळं करेल, आणि असं करता करता एक दिवस कामिनीचे आकडे संपणार नाहीत.

"म्या खाऊ घातलं," त्या म्हणाल्या.

पहिल्यांदा कोणाला कळलंच नाही. "काय?" भाविका म्हणाली.

"त्या पंधरा दिवसात. म्या खाऊ घातलं त्याले. कामिनी शाळेत शिकवाले गेली का दुपारी मागच्या खोलीत बोलवायची. कधी लोणी-भाकर, कधी लाडू. एक दिवस बट्टी केली व्हती, ती तुपात चुरून देली. तो नको म्हने. म्या म्हनलं, एवढ्यानं काय होतं? म्या म्हनलं, मायचा हात लोटतं का रे? मग खायचा." त्या थांबल्या, पण थांबून चालणार नव्हतं. "डॉक्टरनं विचारलं तवा मी तठीच बसेल व्हती. त्यानं मान खाली घातली अन् म्या तोंड उघडलं नही. तुम्ही बठ्ठे त्याले बोलत राह्यले, त्याचं तोंड आवरत नही म्हनून. तोंड नही आवरलं, पन ते त्याचं नही. हात नही आवरला, माहा."

कामिनी उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग होता आणि तो लपवायची तिला गरज वाटली नाही. "आई, मी सकाळी पाच वाजता उठून मापून पाणी, ताक, पावडर भरून ठेवत होते. बाटल्यांवर वेळ लिहून. आणि तुम्ही..."

"हो," कुंदाबाई म्हणाल्या.

"का?"

"भेव वाटत व्हतं. उपाशी राह्यला तं मरीन असं वाटत व्हतं. तो कापसात व्हता ना तवापासून मले हेच वाटतं." मग त्यांनी तेही सांगितलं जे कोणी विचारलं नव्हतं. "अन् तारीख रद्द झाली तवा मले आनंद झाला. तेही सांगते. पाप हाये, पन सांगते."

भाविका उठून भावाच्या खाटेपाशी आली. चौदा वर्षं दुसऱ्यांच्या भावांना सलाईन लावलेल्या बाईने त्याच्या खांद्यावर एक चापट मारली, जोरात, लहानपणी मारायची तशी. "गाढवा. मला का नाही सांगितलंस? मी तीन आठवडे तुझ्याशी फोनवर नीट बोलले नाही."

"मायले बोलली असती तू," तो म्हणाला.

"बोललेच असते!"

"म्हनूनच."

तिने डोळे पुसले आणि मांडी घालून त्याच्या पायाशीच बसली. "हे दहा दिवस? या खेपेला काही खाल्लंस? खरं सांग, नर्स म्हणून विचारते."

"नही ताई. एक दाना नही."

"या खेपी म्याबी नही देलं," कुंदाबाई म्हणाल्या. "दोनदा ताट वाढून मागच्या खोलीपावतर गेली. परत आली."

भाविकाने कामिनीकडे पाहिलं. आजवर आईशी एका बाजूला आणि वहिनीशी दुसऱ्या बाजूला बोलणारी ती, आता आईकडे पाठ करून वहिनीला म्हणाली, "वहिनी, मी आठ दिवसांची रजा टाकते. पथ्य आपण दोघी बघू. माझं मत बदललं. करू या."

उरल्या द्रौपदाबाई. त्या डोळे मिटून बसल्या होत्या. "मन्हं एकच म्हननं शे," त्या म्हणाल्या. "देवी."

कुंदाबाई सरकत सरकत नणंदेच्या समोर जाऊन बसल्या. या बाईने लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला त्यांना मांडा शिकवला होता, भाजलेल्या कोपरांना लोणी लावलं होतं. तिच्यापुढे आवाज चढवणं त्यांना जमलं नसतं.

"अक्का, नवस माहा हाये. त्यानं नही बोलला. म्या देवीले म्हनलं व्हतं, जगव. भरव असं नही म्हनलं. ते भरवनं माहं व्हतं, माह्या हौसेचं. जावेच्या अठरा किलोवर मात करायची व्हती मले. आता तो जगला पाहिजे, इतलंच. ऑपरेशन होऊ द्या, वर्षभरानं जितला राहीन तितल्याचा गूळ देईन."

"साठ-सत्तर किलो कमी पडी जाई देवीले."

"पडू द्या."

"कुंदा! तिना कोप..."

"माह्यावर होऊ द्या. तिच्यासमोर उभी राहून सांगीन मी, का तुले म्या फसवलं. त्याले हात नको लावू, मले लाव." आयुष्यभर देवीला घाबरून राहिलेल्या बाईच्या तोंडून असे शब्द येताना पाहून तोतारामभाऊंनी हातातला चष्मा डोळ्यांवर चढवला. बायकोकडे त्यांनी असं निरखून बऱ्याच वर्षांत पाहिलं नसावं.

द्रौपदाबाईंनी मान हलवली. होकार होता की नकार, कोणाला कळलं नाही. मग त्या म्हणाल्या, "मी बी येसू तुन्हासंगे, सांगाले. एकलीले कशी धाडू?"

हितेंद्रने खिशातून फोन काढला. बटण दाबण्याआधी सवयीने आईकडे पाहिलं.

"माह्याकडे नको पाहू," कुंदाबाई म्हणाल्या. "तुले काय करायचं हाये?"

तो फोनकडे बघत राहिला. कपाळावरचा घाम त्याने बाहीने पुसला. मग नंबर लावला, कानाला धरला आणि पलीकडून आवाज आल्यावर स्पष्ट म्हणाला, "मॅडम, हितेंद्र तोताराम पाटील बोलतो. शुक्रवारची तारीख ठेवा. हो, पक्की. मी येतो."

---

पंगत बसायला दीड वाजला. कामिनी म्हणाली, यांना आत खोलीत बसू द्या, उगाच वासानं जीव तळमळेल. पण तोतारामभाऊ ऐकेनात. आखाजीला घरचा माणूस पंगतीबाहेर कसा? मग हितेंद्रची खाटच ओढून पंगतीच्या रांगेत लावली. त्याच्यासमोर पाटावर ताकाची निवळ आणि पावडर घातलेलं पाणी, दोन पेले.

वाढायला कुंदाबाई उठल्या. एका हातात मांड्यांची परात, दुसऱ्या हातात तुपाचं भांडं. द्रौपदाबाईंच्या पानावर वाढलं, भाविकाच्या पानावर वाढलं. झोक्यावरून आलेल्या पुनमला तूप जास्त हवं होतं. कुंदाबाईंचा हात आपोआप झुकला, मग त्यांनी तो आवरला आणि बेताचीच धार सोडली. पुनम तक्रार न करता खाऊ लागली. तिची काहीच अडचण नव्हती.

मग हितेंद्रची पाळी आली. परात कमरेशी धरून त्या त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. सगळ्यांची जेवणं थांबली. कामिनी तर अर्धी उठलीच.

"भूक लागली का रे?" कुंदाबाईंनी विचारलं.

छत्तीस वर्षांत हे त्यांनी त्याला कधी विचारलं नव्हतं. नुसतं वाढलं होतं.

"नही, माय."

"खरं सांग."

"खरंच नही." त्याने पेला उचलला, पण ओठाला लावला नाही. त्याचा आवाज फक्त तिच्यापुरताच होता, तरी शांततेत तो सगळ्यांना ऐकू गेला. "त्या दुपारीबी नव्हती. एकाबी दुपारी नव्हती. तू समोर बसून पाहत राहायची, म्हनून खात व्हतो."

कुंदाबाईंनी मान हलवली, एकदा, आणि पुढे सरकून तोतारामभाऊंच्या पानावर मांडा वाढला.